ज्वारीचें कोवळें पीक विषारी कां होतें?

पावसानें ओढ दिली म्हणजे ज्वारीचें पीक गुडघ्याएवढ्या उंचीवरच खुंटतें; आणि अशा शेतांत शिरलेलीं जनावरें थोड्याच वेळांत धापा टाकीत खालीं पडून मरतात, हें ज्वारी पिकविणाऱ्या मुलखांतील शेतकऱ्यांस सांगावयास नको. कापणीनंतर बुडख्यांतून आलेले कोवळे फुटवे खाऊनही असेच अपघात होतात. परंतु जें विष बैलास लोळवितें, तेंच आपल्या पानांत बाळगून ज्वारीचें रोप स्वतः कसें जगतें, हा प्रश्न क्वचितच कोणी विचारतो. त्याचें उत्तर समजलें म्हणजे वैरणीसंबंधीं जे नियम सांगण्यांत येतात त्यांचें कारणही समजतें. म्हणून या विषयाचा थोडक्यांत विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

हें विष म्हणजे हायड्रोसायनिक अ‍ॅसिड होय. तें रोपांत तयार स्थितींत साठविलेलें नसतें. १९०२ सालीं डन्स्टन व हेन्री या रसायनशास्त्रज्ञांनीं ज्वारीच्या कोवळ्या रोपांतून एक पदार्थ वेगळा काढिला व ज्वारीच्या अरबी नांवावरून त्यास ‘धुरिन’ असें नांव दिलें. धुरिनांत विष द्राक्षशर्करेशीं जखडलेलें असतें व तोंपर्यंत तें रोपास बाधत नाहीं. ही शर्करा तोडणारें धुरिनेझ नांवाचें एन्झाइम त्याच पानांत असतें. एन्झाइम म्हणजे सजीवांच्या शरीरांत रासायनिक फेरफार त्वरेनें घडवून आणणारें प्रथिन होय. धुरिनेझनें शर्करा तोडली कीं उरलेला भाग दुसऱ्या एका एन्झाइमच्या योगानें फुटतो व विष मोकळें होतें.

मग धुरिन व धुरिनेझ एकाच पानांत असतां रोप मरत कां नाहीं? कारण तीं दोन्ही एका ठिकाणीं राहत नाहींत. कॅलिफोर्निया विद्यापीठांतील एरिक कॉन व त्यांचे सहकारी यांनीं १९७८ ते १९८१ या काळांत पानांचे थर व पेशींचे भाग वेगळे करून याचा छडा लाविला. पानाच्या त्वचेंतील पेशींच्या पोटांत रसानें भरलेली जी मोठी पिशवी असते, तिच्यांत धुरिन असतें. धुरिनेझ मात्र आंतल्या हिरव्या गराच्या पेशींत, व तेथेंही हरितकणांच्या आंत कोंडलेलें असतें. दुसरें एन्झाइम त्याच पेशींत, परंतु हरितकणांच्या बाहेर असतें. दारूची कोठी एका वाड्यांत व विस्तव दुसऱ्या वाड्यांत असावा, तशी ही व्यवस्था आहे. जनावराच्या दाढेखालीं पान रगडलें गेलें कीं मधल्या सर्व भिंती एकदम फुटतात.

आतां मुख्य प्रश्न असा कीं, धुरिनेझ नेमकें हरितकणांतच कसें पोंचतें? तें तेथें तयार होत नाहीं. पेशीच्या केंद्रकांतील जनुकांच्या हुकुमाप्रमाणें तें बाहेर, पेशीच्या रसांत विणलें जातें. प्रत्येक प्रथिन म्हणजे अ‍ॅमिनो अ‍ॅसिडांच्या मण्यांची माळ होय. ज्या प्रथिनास हरितकणांत जावयाचें असतें, त्याच्या माळेच्या आरंभीं सामान्यतः कांहीं जादा मणी ओवलेले असतात. गुळाच्या ढेपेवर अडत्याची खूण असावी, तसा हा त्याचा पत्ता होय. हरितकणाच्या दुहेरी वेष्टनांतील दारें हा पत्ता ओळखतात व माळ उलगडून आंत ओढून घेतात. आंत गेल्यावर पत्त्याचे मणी कापून टाकले जातात, आणि उरलेली माळ योग्य घडी पडून कामास लागते. १९७८ सालीं वाटाणा व पालक यांच्या हरितकणांवर केलेल्या प्रयोगांत हेंच दिसून आलें: बाहेर लांब असलेलें प्रथिन आंत शिरतांच आंखूड झालें.

प्रथिनाचा पत्ता त्याच्याच अंगावर लिहिलेला असतो, ही कल्पना प्रथम १९७१ सालीं ग्युंटर ब्लोबेल व डेव्हिड सबातिनी यांनीं मांडली; पुढें ती प्रयोगांनीं सिद्ध केल्याबद्दल ब्लोबेल यांस १९९९ सालचें नोबेल पारितोषिक मिळालें. पत्ता नेहमीं आरंभींच असतो असें मात्र नाहीं. एरंडाचें बीं रुजतांना त्यांतील तेलाची साखर होते. या कामांतील पुष्कळ एन्झाइमें ज्या सूक्ष्म पिशव्यांत असतात, त्या १९६७ सालीं एरंडाच्या बियांतच प्रथम ओळखल्या गेल्या. तेथें जाणाऱ्या अनेक प्रथिनांचा पत्ता माळेच्या अगदीं शेवटच्या तीन मण्यांत असतो.

जनावराचें मरणही अशाच एका कोठडींत घडतें. श्वासानें घेतलेला प्राणवायु शेवटीं ज्या एन्झाइमच्या हातीं पडतो, तें पेशींतील तंतुकणिकांत असतें. विष नेमकें त्यालाच जखडतें. म्हणून रक्तांत प्राणवायु भरपूर असून, रक्त लालभडक दिसत असूनही जनावर गुदमरतें. रवंथ करणाऱ्या जनावरांस धोका अधिक, कारण त्यांच्या पोटांतील सूक्ष्म जंतूही धुरिन फोडूं शकतात.

यावरून शेतकऱ्यांनीं पुढील गोष्टी ध्यानांत धराव्या:

(१) धुरिन कोवळ्या भागांत सर्वांत अधिक असतें. रुजणाऱ्या रोपाच्या शेंड्यांत तें कोरड्या वजनाच्या ३० टक्क्यांपर्यंत असूं शकतें. पीक फुलोऱ्यावर येईपर्यंत हिरवी ज्वारी चारूं नये; फुटव्यांत तर जनावरें सोडूंच नयेत.

(२) पाण्याचा ताण बसलेल्या किंवा नत्रखत फार दिलेल्या पिकांत विष वाढतें. अशा पिकापासून जनावरें दूरच ठेवावीं.

(३) नुसतें कोमेजलेलें पान वाळलेलें समजूं नये. पूर्ण वाळविलेल्या कडब्यांत अगर नीट मुरलेल्या मुरघासांत विष पुष्कळ कमी होतें, कारण पेशी फुटून तें हवेंत उडून जातें.

(४) जनावर धापा टाकूं लागल्यास क्षणाचाही विलंब न लावितां पशुवैद्यास बोलवावें. सोडियम नायट्राइट व सोडियम थायोसल्फेट यांचीं इंजेक्शनें वेळेवर मिळाल्यास जनावर वांचूं शकतें.

ज्वारी आपलें विष विनाकारण बाळगीत नाहीं. किडीनें किंवा जनावरानें पान फोडलें तरच तें मोकळें व्हावें, अशी तिची योजना आहे. आणि ती सारी योजना एका एन्झाइमनें आपल्या घरीं बिनचूक पोंचण्यावर अवलंबून आहे. रोप आपली काळजी अशी घेतें. गोठ्यांतील जनावराची काळजी मात्र धन्यानेंच घ्यावयाची आहे.