शब्दाच्या शेपटीतला हुकूम

इंग्रजीच्या तासाला मी फळ्यावर 'एबल' प्रत्ययाचे शब्द लिहितो. रीडेबल, वॉशेबल, ब्रेकेबल. मुले भराभर अर्थ सांगतात : वाचता येण्याजोगे, धुता येण्याजोगे, फुटण्याजोगे. एकदा मागच्या बाकावरून 'अनटचेबल' आला आणि वर्ग गप्प झाला. नियमाने अर्थ होतो 'स्पर्श करता न येण्याजोगा'. पण असा माणूस असतो कुठे?

हा प्रत्यय मूळचा लॅटिन. 'अमारे' म्हणजे प्रेम करणे. त्यावरून 'अमाबिलिस', प्रेम करण्याजोगा. खरा प्रत्यय 'बिलिस'. त्याआधीचा स्वर धातूच्या गणाप्रमाणे बदलतो. म्हणून इंग्रजीत कुठे 'एबल', कुठे 'इबल', आणि आमच्या मुलांचे गुण स्पेलिंगमध्ये जातात! फ्रेंचमार्गे तो इंग्रजीत आला. 'समर्थ' या अर्थाचा 'एबल' हा शब्द व्युत्पत्तीने वेगळा, 'हाबिलिस'वरून आलेला. पण बोलणाऱ्यांनी दोघांना एकच मानले आणि प्रत्यय अस्सल इंग्रजी क्रियापदांनाही लागू लागला.

या प्रत्ययाच्या पोटात शक्यता आहे, तशी सक्तीही आहे. बिलावरची 'पेएबल' रक्कम ही देता येण्याजोगी नसते, द्यावीच लागते. 'अनटचेबल'मध्येही अशक्यता नाही, हुकूम आहे. हुकूम सोडणारा मात्र शब्दात कुठेच दिसत नाही. फुटणे हा काचेचा गुण, तसा न शिवण्याजोगे असणे हा जणू त्या माणसाचाच गुण! शिवाशीव पाळणारा नामानिराळा राहतो.

संस्कृतातला 'य' हेच करतो. 'स्पृश्' धातूला तो लागून 'स्पृश्य' होतो. 'कर्तव्य', 'पूजनीय' यांतले प्रत्ययही त्याच वर्गातले. व्याकरणात त्यांना कृत्य प्रत्यय म्हणतात. 'अस्पृश्य' म्हणताना आपण नकळत एक आज्ञाच उच्चारतो.

'दलित'मधला 'त' वेगळा आहे. तो घडून गेलेली क्रिया सांगतो : चिरडला गेलेला. कर्ता येथेही लिहिलेला नाही, पण 'कोणी चिरडले?' हा प्रश्न लगेच उभा राहतो. माझ्या मते या शब्दाचे बळ तेथेच आहे.

1950 साली अमलात आलेल्या संविधानाच्या सतराव्या कलमात 'अनटचेबल' माणूस नाही. तेथे 'अनटचेबिलिटी' ही भाववाचक प्रथा आहे. ती नष्ट केलेली आहे आणि तिचे आचरण निषिद्ध आहे. पुढे 1955 च्या कायद्याची शिक्षेची कलमे 'जो कोणी' या अर्थाच्या शब्दाने सुरू झाली. प्रत्ययाने लपवलेला कर्ता तेथे आरोपी म्हणून वाक्यात आला.