मांजर मुखवट्यातही मांजरच
लेखमाला : मुलं विचार कशी करतात? भाग ६

मेनार्ड हे एका मांजराचं नाव. रेटा डव्रीज या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९६९ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनामुळे हे मांजर बालमानसशास्त्राच्या पुस्तकांत जाऊन बसलं. प्रयोग साधा होता. तीन ते सहा वर्षांच्या मुलांना आधी मेनार्ड दाखवला. हे मांजर आहे याबद्दल कुणालाच शंका नव्हती. मग त्याचं पुढचं अंग आडोशाला घेऊन त्याच्या डोक्यावर दांडग्या कुत्र्याचा मुखवटा चढवला. मागचं अंग आणि शेपूट सारा वेळ मुलांच्या नजरेसमोर. आडोसा दूर झाला आणि बाईंनी विचारलं : आता हा कोण? हा भुंकेल का?

तीन वर्षांच्या मुलांचा कल 'कुत्रा झाला' असं म्हणण्याकडे होता. सहा वर्षांची मुलं मात्र बधली नाहीत. मुखवटा कसलाही असो, आत मांजरच.

मागच्या भागात आपण वर्ग आणि उपवर्ग पाहिले : फुलं जास्त की गुलाब जास्त, या प्रश्नावर मुलं कशी अडखळतात ते. आजचा प्रश्न मला त्याहून खोल वाटतो. एखादी वस्तू अमुक वर्गातली आहे, हे मूल कशावरून ठरवतं? दिसण्यावरून की आत काय आहे त्यावरून?

सहा वर्षांचं मूल मुखवट्याला फसत नाही म्हणून ते सगळीकडे दिसण्यापलीकडे पाहतं असं नाही. फ्रँक कील यांनी १९८९च्या पुस्तकात पुढची पायरी दाखवली. त्यांनी मुलांना एक गोष्ट सांगितली. रकून हा अमेरिकेत रात्री कचऱ्याचे डबे धुंडाळणारा प्राणी. डॉक्टरांनी एका रकूनचे थोडे केस भादरले, उरलेले काळे रंगवले, पाठीवर मधोमध पांढरा पट्टा काढला, आणि शस्त्रक्रिया करून पोटात भयंकर घाण वासाची पिशवी बसवली. आता तो हुबेहूब स्कंकसारखा दिसतो. स्कंक हा असाच घाण वास सोडणारा प्राणी. तर मग हा रकून की स्कंक? बालवाडीतली मुलं बहुतेक 'स्कंक' म्हणाली. चौथीतली मुलं म्हणाली, रकूनच. डॉक्टरांनी काहीही केलं तरी तो जन्मला रकून.

गंमत म्हणजे, कॉफीच्या किटलीची तोटी कापून, झाकण बंद करून, बाजूला खिडकी पाडून आत पाखरांचे दाणे भरले, तर सगळ्याच वयांची मुलं म्हणतात की आता हे पाखरांचं खाद्यपात्र. चौथीतल्या मुलाला नेमकं हे उमगलेलं असतं की माणसानं घडवलेली वस्तू उपयोगानं ठरते, प्राणी तसा ठरत नाही. हा नियम त्याला कुठल्याही धड्यात कुणी शिकवलेला नसतो.

मग लहान मुलं फक्त डोळ्यांनीच विचार करतात असं समजायचं का? नाही. सुसान गेलमन आणि एलेन मार्कमन यांनी १९८६ साली चार वर्षांच्या मुलांना तीन चित्रं दाखवली : आपल्याकडे ठाण्याच्या खाडीत दिसतो तो रोहित पक्षी, एक वटवाघूळ आणि वटवाघळासारखाच दिसणारा एक काळा पक्षी. पहिला पक्षी पिलाला मऊ केलेलं अन्न भरवतो, वटवाघूळ दूध पाजतं, एवढं सांगितलं. काळा पक्षी काय करेल? वटवाघळाशी साम्य डोळ्यांना दिसत असूनही बहुतेक उत्तरं 'पक्षी' या नावाच्या बाजूनं आली. मोठ्यांनी दिलेल्या नावावर चार वर्षांचं मूल इतका विश्वास टाकतं. एका वर्गातल्या सगळ्यांच्या आत काहीतरी सारखं असणार, हे त्यानं धरलेलंच असतं.

ही फार मोठी ताकद आहे. तिच्यामुळेच मूल एका कुत्र्याकडून शिकलेलं हजार कुत्र्यांना लावू शकतं. पण हीच ताकद माणसांवर वापरली गेली की मला काळजी वाटते.

मार्जोरी रोड्स आणि सहकाऱ्यांनी २०१२ साली चार वर्षांच्या मुलांना 'झार्पी' नावाच्या काल्पनिक लोकांचं चित्रांचं पुस्तक वाचून दाखवलं. या झार्पींमध्ये बाया होत्या, पुरुष होते, वेगवेगळ्या रंगांचे आणि वयांचे लोक होते. काही मुलांनी ऐकलं, 'हा झार्पी ठिपक्यांच्या लाल किड्याला घाबरतो.' काहींनी ऐकलं, 'झार्पी ठिपक्यांच्या लाल किड्याला घाबरतात.' चित्रं तीच होती. दुसरं वाक्य ऐकलेल्या मुलांना अधिक वाटू लागलं की हा गुण झार्पींच्या जन्मातच असतो. झार्पी बाईचं बाळ दुसऱ्या लोकांत वाढलं तरी ते तसंच वागणार. फरक पडला तो 'हा झार्पी' ऐवजी नुसतं 'झार्पी' म्हटल्यानं.

'त्या लोकांचं असंच असतं' हे वाक्य आपल्या घरांत जेवताना, टीव्हीसमोर, लग्नाच्या बैठकीत किती सहज येतं! त्यात जात येते, धर्म येतो, परप्रांतातून आलेला भाडेकरू येतो. रकून जन्मानं रकून असतो हे कळणं चौथीतल्या मुलाची समज वाढल्याची खूण आहे. माणसाचा स्वभाव जातीनं ठरतो हे मात्र त्याला आपण शिकवतो. म्हणून पालकांना कळकळीची विनंती : एखाद्याचं वागणं खटकलं तर त्या एकट्याबद्दल बोला, नाव घेऊन बोला. त्याच्या जमातीबद्दल बोलू नका, निदान मुलांदेखत तरी नको.

पुढच्या आठवड्यात नात्यांच्या वर्गांकडे वळू. भाच्याहून वयानं लहान असलेला मामा मुलांना मामा का वाटत नाही, ते पाहू.