चिकू वाळविण्याच्या भट्टीचा जमाखर्च

झाडावरून उतरलेला चिकू फार दिवस थांबत नाहीं, हें डहाणू-घोलवडच्या बागाइतदारांस सांगावयास नको. २०१६ सालीं येथील चिकूस भौगोलिक मानांकन मिळालें. तथापि बाजारांत माल दाटला म्हणजे मानांकनानें फळ टिकत नाहीं. म्हणून चिकूच्या चकत्या व पूड करून ठेवण्याचा उद्योग कित्येकांनीं आरंभिला आहे. परंतु हंगामाअखेर हिशेब पाहतां नफ्याचा बराच भाग विजेच्या बिलांत गेलेला दिसतो. मग मनांत येतें कीं, कर्ज काढून मोठें यंत्र घ्यावें. कर्ज काढण्यापूर्वीं एक वही ठेवावी, एवढीच माझी बागाइतदार बंधूंस विनंती आहे.

मोठ्या कारखान्यांत हल्लीं यंत्र बदलण्यापूर्वीं त्याचें गणिती प्रतिरूप संगणकावर उभें करितात. यास सिम्युलेशन म्हणतात. किती माल, किती उष्ण हवा, किती वेळ, हे आंकडे त्यांत घालून 'असें केलें तर काय होईल' हें इंधन न जाळतां पाहतां येतें. २०१२ सालीं केंद्र सरकारनें 'परफॉर्म, अचीव्ह अँड ट्रेड' ही योजना सुरू केली. तींत औष्णिक विद्युत् केंद्रें, सिमेंट, पोलाद इत्यादि आठ प्रकारच्या उद्योगांतील ४७८ कारखान्यांस, मालाच्या परिमाणामागें लागणारी ऊर्जा मोजून ती कमी करण्याचें लक्ष्य नेमून दिलें. आपली भट्टी लहान. पण मोजण्याचा नियम तोच.

उदाहरण घेऊं. चिकूच्या गरांत सुमारें तीन चतुर्थांश पाणी असतें. म्हणजे १०० किलो गरांत ७५ किलो पाणी व २५ किलो घन अंश. चकत्यांत शेंकडा २० पाणी ठेवावयाचें तर वाळलेला माल सव्वाएकतीस किलो भरेल आणि जवळजवळ ६९ किलो पाणी उडवावें लागेल. ६० अंश उष्णतामानास एक किलो पाण्याची वाफ होण्यास सुमारें ०.६५ युनिट उष्णता लागते. तेव्हां एकंदर ४५ युनिट झाले. साध्या भट्टींत हा निसर्गाचा सारा होय. त्यांत सूट नाहीं. आतां समजा, मीटरावर ११० युनिट उठले. तर बाकीचे ६५ कोठें गेले? कांहीं फळ तापविण्यांत व पंख्यांत, कांहीं दाराच्या फटींतून, आणि पुष्कळसे झरोक्यावाटे बाहेर पडणाऱ्या गरम हवेबरोबर.

वाळवणीचे दोन टप्पे आहेत. प्रथम चकतीचा पृष्ठभाग ओला असतो. तेव्हां वारा जोराचा असला तर पाणी लवकर उडतें. पुढें आंतील पाणी सावकाश बाहेर येऊं लागतें. मग पंख्याच्या जोराचा लाभ थोडा. पंख्याचा वेग एक पंचमांश उतरविला तर त्यास वीज जवळजवळ निम्मीच लागते. या टप्प्यांत बाहेर जाणारी हवाही पुष्कळशी कोरडी असते. तिचा कांहीं भाग परत आंत घेतला तर उष्णता वांचते. चकतीची जाडी निम्मी केली तर आंतील पाणी बाहेर येण्याचा वेळ सुमारें चौथाईवर येतो. परंतु फार पातळ चकती मोडते. वेग केव्हां उतरवावा, हवा किती परत घ्यावी, जाडी किती ठेवावी, हें प्रत्येक घाणा वाळवून पाहूं गेल्यास हंगाम निघून जाईल. प्रतिरूप तें आधीं सांगतें.

मात्र त्यास खरे आंकडे पाहिजेत. मी महसूल खात्यांत कारकून होतों. कचेरींत बसून लिहिलेली आणेवारी आणि शेतांत पीक कापून, मळून, तोलून काढलेली आणेवारी यांतील अंतर मीं पाहिलें आहे. निर्णय कागदावरच्या आंकड्यावर होई, आणि आंकडा चुकला कीं नुकसान शेतकऱ्याचें. संगणकही चुकीच्या आंकड्यास चुकीचें उत्तर देतो, आणि तें मोठ्या ठामपणें देतो.

म्हणून वहींत रकाने असावे ते असे: दर तासास ताटलीचें वजन, भट्टीचें उष्णतामान, आंतील व बाहेरील हवेचा दमटपणा, पंख्याचा वेग, चकतीची जाडी व मीटराचा आंकडा. भट्टीस निराळा मीटर बसवावा. माघांतील कोरड्या हवेचे व वैशाखांतील दमट हवेचे घाणे वेगळे मांडावे. दहा-बारा घाण्यांची अशी वही घेऊन कोसबाडच्या कृषि विज्ञान केंद्रांत अगर जाणत्या अभियंत्याकडे गेल्यास सल्ला नेमका मिळेल. तलासरीकडील भातगिरणीवाल्यांनींही क्विंटलमागें किती युनिट लागले हें लिहावें. गरजेहून फार मोठी मोटार थोड्या भारावर चालली म्हणजे वीज वायां जाते.

कर्जाचा हप्ता दर महिन्यास येतो; वहीस एक पेन्सिल पुरते. उडालेल्या पाण्याचा व जळलेल्या युनिटांचा मेळ आधीं घालावा, आणि मग यंत्राच्या दुकानाची पायरी चढावी.