डोंबिवलीची संख्या

नऊ एकांची संख्या घ्या, 111111111, आणि तिचा वर्ग करा. उत्तर येते 12345678987654321. नऊपर्यंत चढायचे आणि तसेच खाली उतरायचे! ‘लीलावती’ या जुन्या गणितग्रंथाच्या मापाने ही सतरा अंकी संख्या ‘मध्य’ या स्थानापर्यंत पोहोचते. पुढचे स्थान परार्धाचे.

देवळालीचे शाळामास्तर दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (1905–1986) यांनी या कुळातल्या संख्यांना ‘डेम्लो’ म्हटले, डोंबिवली स्टेशनाच्या जुन्या नावावरून.

आता आपल्या सतरा अंकी संख्येची जात तपासू. उलटी वाचली तरी तीच. अंकांची बेरीज 81, आणि 81 ने हिला नि:शेष भाग जातो. अशा संख्यांना ‘हर्षद’ हे सुंदर नावही कापरेकरांचेच. भागाकार 152415789971041; तोही पूर्ण वर्ग, 12345679 चा. या वर्गमुळातून आठ गायब आहे, आणि मला तर हीच सर्वांत मोठी गंमत वाटते.

सतरा अंकी संख्येचे मूळ अवयव तीनच: 3, 37 आणि 333667. एकूण विभाजक 45. हा आकडा विषमच असणार, कारण विभाजकांच्या जोड्या लागतात आणि पूर्ण वर्गात वर्गमूळ एकटे उरते.