हक्कसोडपत्र आणि आईचा फोन

सातारा जिल्ह्यातल्या एका वाचक ताईंचं पत्र बाजूला ठेववेना. वडिलांचं वर्षश्राद्ध झालं आणि आईचा फोन आला: "सातबाऱ्यावर वारसांची नावं लागलीत. एकदा येऊन हक्कसोडाची सही करून जा. माहेर तुटायला नको." ताईंनी सही केली नाही. दिवाळीला बोलावणं आलं नाही. त्या लिहितात, "जमिनीचं एवढं काही नाही. पण हे आईनं का म्हणावं?"

कायद्यात संदिग्ध काही उरलेलं नाही. महाराष्ट्रानं १९९४ मध्येच वडिलोपार्जित मिळकतीत मुलींना जन्मतः हक्क दिला, फक्त तोवर लग्न झालेल्या मुली वगळल्या. ९ सप्टेंबर २००५ पासून केंद्राच्या दुरुस्तीनं तीही अट गेली. त्या दिवशी वडील हयात असण्याची गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये विनीता शर्मा खटल्यात सांगितलं.

पण ताईंच्या प्रश्नाचं उत्तर मला दुसरीकडेच दिसतं. वडील मृत्युपत्र न करता गेले, तर त्यांच्या हिश्शात मुलगा, मुलगी आणि आई यांचा वाटा सारखा असतो. आईही वारस आहे, हे घरात कुणी बोलत नाही. लेकीची सही मागतात त्याच दस्तावर आईनंही आपला वाटा सोडलेला असतो, अशी कितीतरी घरं मी पाहिली आहेत. त्यानंतर तिचं जेवणखाण, औषधपाणी, डोक्यावरचं छप्पर, सगळं मुलाच्या हाती. बहिणीला तोंडानं विचारायला भावाला जड जातं, तो आईला पुढे करतो, आणि तिला नाही म्हणायची सोय उरलेली नसते. लेकीचा राग मात्र आईवर निघतो. भावाशी बोलणं राहतं, आईशी तुटतं. हा अन्याय मला फार लागतो.

शिवाय वाटा सोडला म्हणून लेकीची जबाबदारी सुटत नाही. कल्याणच्या एका डॉक्टर मुलीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं १९८७ मध्येच ठरवलं, की निराधार आईवडिलांचा पोटगीचा हक्क विवाहित मुलीवरही चालतो.

म्हणून माझा आग्रह लेकींच्या सहीइतकाच आयांच्या सहीबद्दल आहे. आईनं आपला वाटा हयातीत सोडू नये. दुय्यम निबंधकाकडे नोंदलेलं हक्कसोडपत्र नंतर मन बदललं म्हणून एकतर्फी रद्द होत नाही. फसवणूक किंवा दबाव सिद्ध करायला दिवाणी कोर्टाची पायरी चढावी लागते, आणि सत्तरीतली बाई मुलाविरुद्ध ती चढत नाही.

ताईंना मी कळवलंय, की सही करायची की नाही हे नंतर ठरवा. आधी तलाठ्याकडून फेरफाराची नक्कल काढा आणि आईचं नाव अजून सातबाऱ्यावर आहे का, ते पाहा. असेल तर पुढचा फोन तुम्ही करा, आणि तिच्या वाट्याबद्दल बोला.