आठ किलोंचा हिशेब

रविवारी पहाटे नाशिकच्या गंगापूर रोडवर मोटारसायकली गिरणाऱ्याच्या दिशेने सुटतात. पाठीला सॅक, सॅकच्या बाजूच्या खिशात पाण्याची बाटली. कुणाला नुसतं वाटेतल्या धरणावर जायचं असतं, कुणाला पुढे हरिहर गडावर. हरिहरच्या जवळजवळ उभ्या पायऱ्यांना हात अडकवायला खोबण्या कोरलेल्या आहेत. पावसाळी गर्दी ओसरली की त्याच खोबण्यांत बिस्किटांचे पुडे कोंबलेले सापडतात.

या गडाचा एक ताशीव कडा १९८६ साली गिर्यारोहक डग स्कॉट यांनी सर केला. तेव्हापासून तो ‘स्कॉटिश कडा’. स्कॉट मूळचे इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमचे, पण नाव चिकटलं ते चिकटलं! याच माणसाने १९७५ मध्ये एव्हरेस्ट गाठून उतरताना, शिखराच्या थोडंसंच खाली, बर्फाच्या खोपटात रात्र काढली होती. प्राणवायू संपलेला आणि स्लीपिंग बॅग नाही. चार वर्षांनी ते मोजक्या सोबत्यांसह, प्राणवायूच्या नळकांड्यांशिवाय कांचनगंगा चढले.

आता मोजमाप बदललं आहे. २०२३ मध्ये क्रिस्टिन हारिला आणि तेनजेन शेर्पा यांनी आठ हजार मीटरवरची चौदाही शिखरं ९२ दिवसांत उरकली. एका तळावरून दुसऱ्याकडे जाताना हेलिकॉप्टर दिमतीला होतं. त्याच वर्षी ऑक्टोबरात चौदा शिखरं पूर्ण करणारी पहिली अमेरिकी महिला कोण, या चुरशीत दोघीजणी शिशापांगमावर हिमस्खलनात गेल्या. त्यांच्या शेर्पा साथीदारांनीही जीव गमावला. तेनजेन त्यांपैकीच एक.

वर चढणाऱ्याचं नाव नोंदवलं जातं, त्याने मागे ठेवलेल्या घाणीची नोंद मात्र फारशी कुणी घेत नाही. सखल भागात विष्ठा जिवाणू कुजवतात. गोठणबिंदूच्या खाली त्यांचं काम जवळपास थांबतं, म्हणून उंचावरच्या छावणीतली घाण वर्षानुवर्षं तशीच राहते आणि बर्फ सरकला, वितळला की खालच्या पाण्यात उतरते. त्यामुळेच २०२४ पासून एव्हरेस्टच्या वाटेवर प्रत्येकाने आपली विष्ठा पिशवीत भरून खाली आणायची आहे. पिशवीतली पूड तिचा घट्ट गोळा करते आणि वासही दाबते.

कचऱ्याचा नियम त्याहून जुना, २०१४ चा होता: माणशी आठ किलो खाली आणा. त्यात पळवाट अशी होती, की वजन खालच्या छावण्यांतूनही भरता येत असे. फाटका तंबू आणि रिकामी नळकांडी ७,९०० मीटरवरच्या साउथ कोलवर राहिली, तरी काटा आठच दाखवायचा. काहींनी मात्र हे भान मिरवलं: पुण्याच्या ‘गिरिप्रेमी’ या गिर्यारोहण संस्थेने २०१९ च्या कांचनगंगा मोहिमेच्या नावातच ‘इको’ घातलं होतं; १५ मे रोजी संस्थेचे दहा जण माथ्यावर पोहोचले.

पण काही कचरा उचलताच येत नाही. एव्हरेस्टवर ८,४४० मीटर उंचीवरून आणलेल्या बर्फात २०२० साली सूक्ष्म प्लास्टिक सापडलं. त्यात मुख्यतः पॉलिएस्टरचे तंतू होते, कपड्यांतून, तंबूंतून, दोरांतून झडलेले. हरिहरला निघालेल्या पोरांच्या अंगातल्या जॅकेटची कॉलर उलटून पाहिली, तर पट्टीवर बहुधा हेच नाव छापलेलं असतं.