खानदेशातील स्थानिक भोजनालये आणि साखळी उपाहारगृहे

महाराष्ट्रातील जळगाव आणि धुळे या शहरांत व त्यांच्या उपनगरांत बाहेरच्या जेवणाचा व्यवसाय दोन पद्धतींनी चालतो. पहिल्या पद्धतीत खानावळी, ढाबे, भरीत केंद्रे आणि नाश्त्याच्या गाड्या येतात. त्यांचा मालक स्थानिक असतो, कच्चा माल जवळच्या बाजारातून येतो आणि पाककृती स्वयंपाक्याच्या हातात असते. दुसऱ्या पद्धतीत साखळी उपाहारगृहे येतात. एकाच नावाने अनेक गावांत चालणाऱ्या या शाखांमध्ये पदार्थ, दर आणि मांडणी मुख्य कंपनी ठरवते. या दोन पद्धतींमध्ये ग्राहकासाठी स्पर्धा असते. तिचा संबंध या भागातील पिके, पाककौशल्ये आणि रोजगार यांच्याशीही येतो.

पार्श्वभूमी

ब्रिटिश काळातील खानदेश जिल्ह्याचे १९०६ मध्ये पूर्व खानदेश आणि पश्चिम खानदेश असे दोन भाग झाले. त्यांची मुख्यालये अनुक्रमे जळगाव आणि धुळे ही होती. पुढे याच जिल्ह्यांना जळगाव व धुळे ही नावे मिळाली आणि १९९८ मध्ये धुळे जिल्ह्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा झाला. २०११ च्या जनगणनेनुसार जळगाव शहराची लोकसंख्या सुमारे ४.६ लाख, तर धुळे शहराची सुमारे ३.७५ लाख होती. दोन्ही शहरांत २००३ मध्ये महानगरपालिका स्थापन झाल्या.

बाहेरच्या जेवणाची गरज येथे मुख्यतः वाहतूक, बाजार आणि शिक्षण यांतून वाढली. जळगाव हे मुंबई–हावडा लोहमार्गावरील जंक्शन असून सुरतकडून येणारा मार्ग येथे मिळतो. धुळ्याजवळ जुना मुंबई–आग्रा महामार्ग आणि सुरत–नागपूर महामार्ग एकमेकांना छेदतात. मालमोटारींच्या चालकांसाठी या रस्त्यांवर ढाबे निघाले. बाजार समितीत माल आणणाऱ्या शेतकऱ्यांसाठी शहरात भोजनालये होती. महाविद्यालये वाढली तशा विद्यार्थ्यांच्या खानावळी म्हणजे ‘मेस’ही वाढल्या. जळगाव येथे १९९० मध्ये उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ स्थापन झाले. त्याला २०१८ मध्ये कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव देण्यात आले.

स्थानिक भोजनालयांचे प्रकार

खानावळ बहुधा एका कुटुंबाकडून चालवली जाते. महिन्याचे पैसे आगाऊ घेण्याची पद्धत असल्यामुळे किराणा भरण्यासाठी लागणारे खेळते भांडवल ग्राहकाकडूनच मिळते. जेवणाऱ्यांची संख्या आधी ठाऊक असल्याने अन्न वाया कमी जाते. ढाब्याचे गणित वेगळे आहे. तेथे भाजलेला कांदा, सुके खोबरे, लसूण आणि काळा मसाला यांचे वाटण आधी तयार ठेवतात. मागणी आली की त्याच वाटणातून शेवभाजी, पातोडीचा रस्सा किंवा भरली वांगी अशा अनेक भाज्या थोड्या वेळात होतात. शेवभाजीतील जाड, तिखट शेव वाढण्याच्या सुमारास रश्श्यात घालतात. ती फार आधी घातली तर विरघळते.

भरीत केंद्र हा जळगाव भागातील वैशिष्ट्यपूर्ण प्रकार आहे. हिवाळ्यात या केंद्रांत तयार भरीत वजनावर विकले जाते आणि त्यासोबत कळण्याची भाकरी किंवा पुरी मिळते. मांडे मात्र बहुतेक मागणीनुसार होतात. उपड्या मातीच्या खापरावर भाजायची ही मोठी, पातळ पुरणपोळी हातावर पसरवण्याचे कौशल्य प्रामुख्याने स्त्रियांकडे असून ते पाहून आणि करूनच शिकले जाते.

पदार्थ आणि कच्चा माल

खानदेशी जेवणाची चव परिसरातील पिकांवर उभी आहे. भाकरीसाठी तापी खोऱ्यातील ‘दादर’ ही रब्बी ज्वारी वापरतात. कळण्याच्या भाकरीत ज्वारीबरोबर उडीद दळतात. नंदुरबारची बाजारपेठ मिरचीसाठी, तर जळगाव डाळमिलसाठी ओळखले जाते.

भरताच्या वांग्याचे उदाहरण या संबंधाची खोली दाखवते. जळगावच्या भरीत वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. फिकट हिरव्या रंगाचे, पांढऱ्या रेषांचे, मोठे आणि कमी बियांचे हे वांगे हिवाळ्यात उत्तम येते. यावल तालुक्यातील बामणोद हे गाव त्यासाठी प्रसिद्ध आहे. वांगी कपाशीच्या वाळलेल्या काड्यांच्या जाळावर भाजतात, सोलून लाकडी भांड्यात ठेचतात आणि हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे व कांद्याची पात यांसह तेलात परततात. कापसाचा हंगाम सरत आला की काड्या मिळतात आणि त्याच सुमारास वांगी बाजारात येतात. पीक, इंधन आणि ऋतू यांचा असा मेळ वर्षभर एकाच प्रमाणात पुरवता येत नाही. त्यामुळे हा पदार्थ साखळीच्या चौकटीत सहज बसत नाही.

साखळी उपाहारगृहांची कार्यपद्धती

परदेशी साखळ्या भारतात १९९० च्या दशकात आल्या. केएफसी १९९५ मध्ये, तर डॉमिनोज, मॅकडोनाल्ड्स आणि पिझ्झा हट १९९६ मध्ये सुरू झाले. महाराष्ट्रातही वडापावसारख्या पदार्थाच्या साखळ्या उभ्या राहिल्या. जम्बोकिंगची सुरुवात २००१ मध्ये आणि गोली वडापावची २००४ मध्ये झाली. चहाच्या ‘अमृततुल्य’ दुकानांनीही नंतर हाच मार्ग घेतला.

या व्यवसायाचा पाया एकसारखेपणा हा आहे. पीठ, सॉस किंवा अर्धवट तयार माल मध्यवर्ती केंद्रातून शाखेत येतो. शाखेतील कामगाराला ठरलेले वजन, तापमान आणि वेळ पाळायची असते. त्यामुळे नवा कामगार थोड्या दिवसांत तयार होतो आणि ग्राहकाला प्रत्येक गावी तोच पदार्थ मिळतो. काही साखळ्यांच्या शाखा कंपनी स्वतः चालवते. काहींमध्ये स्थानिक गुंतवणूकदार प्रारंभिक शुल्क आणि विक्रीतील हिस्सा देऊन नाव वापरण्याचा हक्क घेतो. अशा शाखेचा मालक जळगावचाच असू शकतो. मात्र पदार्थात बदल करण्याचा अधिकार त्याच्याकडे नसतो.

उपनगरांतील स्पर्धा

जळगावातील पिंप्राळा, मेहरूण किंवा धुळ्यातील पांझरा नदीपलीकडचे देवपूर अशा भागांत वस्ती वाढली, तशी रस्त्यालगतच्या गाळ्यांची मागणीही वाढली. साखळी शाखा बहुधा मुख्य रस्त्यावरील, वाहनतळ असलेली जागा घेते आणि तिचे भाडे कंपनी किंवा मोठा गुंतवणूकदार सोसतो. खानावळीचा नफा रोजच्या थाळीवर असतो. भाडे वाढले तर तिला दर वाढवावे लागतात किंवा आतल्या गल्लीत जावे लागते. दर वाढवणे कठीण असते, कारण तिचा ग्राहक विद्यार्थी किंवा नोकरदार असतो आणि तो महिन्याचा हिशेब पाहतो.

दोघांचे ग्राहक सर्वस्वी एक नाहीत. वाढदिवस, तरुणांच्या भेटी आणि सायंकाळचा नाश्ता यांसाठी वातानुकूलित बैठक, स्वच्छतागृह आणि आधी ठाऊक असलेले दर महत्त्वाचे ठरतात. तेथे साखळीची बाजू बळकट असते. रोजचे जेवण, रात्रीची शेवभाजी आणि हिवाळ्यातील भरीत यांत स्थानिक व्यावसायिक पुढे राहतो.

महामार्गांतील बदलांचा परिणाम वेगळाच आहे. चौपदरीकरणात बाह्यवळण मार्ग निघाला की जुन्या रस्त्यावरील ढाब्यासमोरून जाणारी वाहने कमी होतात. नव्या मार्गावर जागा घेण्यासाठी भांडवल लागते आणि ते मोठ्या व्यावसायिकाला लवकर उभे करता येते.

घरपोच सेवेमुळेही समीकरण बदलले. झोमॅटोची स्थापना २००८ मध्ये आणि स्विगीची २०१४ मध्ये झाली. या मंचांमुळे गल्लीतील भोजनालयालाही दूरचा ग्राहक मिळू शकतो. त्याबदल्यात प्रत्येक मागणीवर दलाली द्यावी लागते. एप्रिल २०२२ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने उपाहारगृह संघटनेच्या तक्रारीवरून या दोन्ही कंपन्यांच्या चौकशीचा आदेश दिला.

कायदे आणि कर

अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ दोन्ही प्रकारांना लागू आहे. २०११ च्या नियमांनुसार वार्षिक उलाढाल १२ लाख रुपयांपर्यंत असलेल्या व्यावसायिकाला केवळ नोंदणी, तर त्यावरील उलाढालीस परवाना आवश्यक करण्यात आला. दहा किंवा अधिक ठिकाणी शाखा असलेल्या उपाहारगृहांना पदार्थांतील उष्मांक दर्शवण्याचे बंधन २०२२ पासून लागू झाले.

वस्तू व सेवा कराच्या दृष्टीने उपाहारगृह ही सेवा आहे आणि महाराष्ट्रात २० लाख रुपयांपर्यंतच्या वार्षिक उलाढालीस सामान्यतः नोंदणी लागत नाही. तथापि १ जानेवारी २०२२ पासून मंचावरून मागवलेल्या जेवणावरील कर मंचाने भरायचा असतो. त्यामुळे नोंदणी नसलेल्या खानावळीची थाळी मंचावरून मागवल्यास तिच्यावरही ५ टक्के कर लागतो. तीच थाळी खानावळीत बसून घेतल्यास तो लागत नाही.

इतर देशांतील उपाय

रोममध्ये १९८६ साली मॅकडोनाल्ड्सच्या शाखेविरुद्ध झालेल्या निषेधातून ‘स्लो फूड’ चळवळीला चालना मिळाली. तिने पारंपरिक वाण आणि पदार्थ यांच्या जतनावर भर दिला. अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को शहराने २००४ मध्ये साखळी दुकानांवर नियंत्रण आणले. काही भागांत त्यांना विशेष परवानगी घ्यावी लागते. दक्षिण कोरियात २०१३ मध्ये साखळी बेकऱ्यांनी लहान बेकऱ्यांपासून ५०० मीटर अंतर राखावे, असे ठरवण्यात आले. भौगोलिक मानांकनाचे स्वरूप यांहून निराळे आहे. ते पिकाच्या नावाला संरक्षण देते. त्या पिकापासून पदार्थ करणाऱ्या भोजनालयाला ते मिळत नाही.

परिणाम

साखळीमुळे स्वच्छता, ठरलेले दर आणि कामाच्या वेळा यांबाबत ग्राहकाच्या अपेक्षा वाढल्या, तर स्थानिक भोजनालयांनाही त्यानुसार बदलावे लागते. शाखांमधून तरुणांना नोकऱ्या मिळतात. मोठ्या खाद्यउद्योगाशी या भागाचा संबंध उत्पादक म्हणूनही आहे. जळगावातील जैन उद्योगसमूह निर्जलित कांदा आणि आंब्याचा गर निर्यात करतो.

तरीही दोन्ही पद्धतींत पैशाचा प्रवास वेगळा असतो. भरीत केंद्रात खर्च झालेल्या रुपयाचा वाटा वांगी पिकवणाऱ्या, ज्वारी विकणाऱ्या आणि भाकरी थापणाऱ्या व्यक्तीपर्यंत जातो. साखळी शाखेत वेतन व भाडे गावात राहते. मालाची किंमत आणि नावाचा मोबदला बाहेर जातो. विशिष्ट वाण शेतात टिकण्यासाठी त्याला गिऱ्हाईक असावे लागते. भरीत वांग्याचे गिऱ्हाईक घरगुती स्वयंपाकघर, हिवाळ्यातील शेतावरच्या भरीत पार्ट्या आणि ही केंद्रे हेच आहे. खापरावरचे मांडे करणाऱ्या स्त्रियांचे कौशल्यही मागणी असेपर्यंतच पुढच्या पिढीकडे जाते.